पार्टिशन सरकवताना मध्येच वीज गेली: फोल्डर दिसतात, पण निम्म्या फाइली उघडत नाहीत

नवखा_४२

२ टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आहे, फिरती, एसएसडी नव्हे. जीपीटी टेबल, दोन एनटीएफएस पार्टिशन. पहिलं २०० जीआयबीचं, दुसरं उरलेल्या जागेचं, म्हणजे साधारण १६६३ जीआयबी. दुसऱ्यात ९०० जीआयबीच्या आसपास डेटा आहे आणि त्याची दुसरी प्रत नाही.

जीपार्टेडमध्ये (पार्टिशनचे आकार आणि जागा बदलायचं साधन) पहिल्यातून १०० जीआयबी कमी केले आणि ते दुसऱ्याला डावीकडून जोडायला लावले. पहिलं काम व्यवस्थित झालं. दुसरं पार्टिशन सरकत असताना वीज गेली. पडद्यावर शेवटचा आकडा '१६६३ पैकी ६१२ जीआयबी कॉपी' असा काहीतरी होता.

नंतर डिस्क विंडोजला दहा मिनिटं जोडली. ड्राइव्ह दिसतो, सगळी फोल्डर नावानिशी दिसतात. काही फाइली नीट उघडतात, काही उघडतच नाहीत, दोन-तीन फोल्डरवर 'खराब आणि न वाचण्याजोगं' असा संदेश येतो. विंडोज 'स्कॅन करून दुरुस्त करा' म्हणत होतं, ते रद्द केलं. चेकडिस्क चालवलेलं नाही.

पार्टेडमध्ये सेक्टर एकक लावून पाहिलं तर हे दिसतं:

डिस्क: ३९०७०२९१६८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट
१: २०४८ ते २०९७१७२४७
२: २०९७१७२४८ ते ३९०७०२८९९१

टेबल तर मला हवं होतं तसंच झालेलं दिसतंय. मग फाइली का तुटल्या? आणि आता काय करू?

---

संथ_ड्राइव्ह

सगळ्यात आधी ती डिस्क विंडोजपासून दूर ठेवा. कारण नुसतं 'विंडोज लिहितं' एवढंच नाही. आत्ता त्या पार्टिशनचा मोकळ्या जागेचा नकाशा आणि डिस्कवरची खरी स्थिती यांचा मेळ नाही. विंडोज ज्या क्लस्टरला (फाइलींना दिला जाणारा जागेचा तुकडा) मोकळा समजून इंडेक्सची किंवा थंबनेलची फाइल टाकेल, तिथे प्रत्यक्षात तुमची दुसरीच एखादी फाइल पडलेली असू शकते. दहा मिनिटांत फार बिघडलं नसेल, पण पुन्हा जोडू नका.

चेकडिस्क रद्द केलंत ते उत्तम. ते चाललं असतं तर न जुळणारे एमएफटीचे (एनटीएफएसमधल्या सगळ्या फाइलींची मुख्य यादी) रेकॉर्ड आणि इंडेक्सच्या नोंदी पुसून 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरात तुकडे टाकून मोकळं झालं असतं.

पुढचं काम लाइव्ह लिनक्सवरून करा, आणि आपोआप माउंट न करणाऱ्या. सिस्टमरेस्क्यू चालेल, जीपार्टेड लाइव्हही चालेल. तिथे स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघा आणि क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ यांचे कच्चे आकडे इथे टाका. ५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले, १९८ म्हणजे न सुधारलेले. १९९ वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नाही.

---

झटपट

एवढा विचार कशाला? टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन शोधणारं साधन) चालवा. जीपीटी निवडा, अ‍ॅनालाइझ, मग क्विक सर्च. जुनं पार्टिशन ४१९४३२४४८ पासून सुरू होणारं सापडेल. ते निवडून राइट करा. बूट सेक्टर (पार्टिशनचा पहिला सेक्टर, त्यात व्हॉल्यूमची मूलभूत माहिती असते) खराब दाखवला तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन बॅकअपवरून परत आणा. टेबल पूर्ववत झालं की झालं.

---

हेक्सवाचक

@झटपट, हा उपाय पार्टिशन चुकून पुसलं गेलं असेल तेव्हा बिनतोड आहे. इथे तो करू नका. इथे टेबल बिघडलेलं नाही, डेटा अर्धा सरकलेला आहे. टेस्टडिस्कला जुनं पार्टिशन सापडेल ते शेवटच्या सेक्टरमधल्या बॅकअप बूट सेक्टरवरून. त्याचा मूळ बूट सेक्टर जिथे होता, त्या ४१९४३२४४८ व्या सेक्टरवर आता सरकवलेल्या व्हॉल्यूमचा १०० व्या जीआयबीवरचा मजकूर बसला आहे. बॅकअपवरून बूट सेक्टर 'परत' आणला की तो थेट त्या मजकुरावर लिहिला जाईल. आणि फायदा शून्य, कारण जुन्या जागेच्या पुढे ३ जीआयबीवर असलेली एमएफटीसुद्धा कधीच झाकली गेली आहे.

@नवखा_४२, आता नेमकं काय झालंय ते बघा, कारण ते कळलं की उपाय आपोआप दिसतो.

पार्टिशन डावीकडे सरकवताना जीपार्टेड आधी टेबलातली नोंद रुंद करतो, म्हणजे नव्या सुरुवातीपासून जुन्या शेवटापर्यंत. म्हणून तुम्हाला टेबल 'झालेलं' दिसतंय. त्यानंतर तो व्हॉल्यूमच्या सुरुवातीपासून एकेक तुकडा वाचून १०० जीआयबी अलीकडे लिहीत जातो. वाचणारं टोक पुढे, लिहिणारं टोक त्याच्या बरोबर १०० जीआयबी मागे. वाचताना चूक आली तर तो केलेलं उलटवायचा प्रयत्न करतो, पण वीजच गेली तर कोण उलटवणार?

म्हणजे डिस्कवर आत्ता तीन पट्टे आहेत:

नव्या सुरुवातीपासून ६१२ जीआयबीपर्यंत सरकलेला, बरोबर डेटा.

त्यानंतरचे १०० जीआयबी हा जुन्या जागेवरचा, आधीच कॉपी होऊन गेलेला मजकूर. हाच मजकूर मागच्या पट्ट्याच्या शेवटच्या १०० जीआयबीतही आहे. म्हणजे व्हॉल्यूमचा ५१२ ते ६१२ जीआयबी हा भाग डिस्कवर दोनदा आहे.

त्यापुढे शेवटपर्यंत न सरकलेला, जुन्या जागीच असलेला, पण तोही पूर्ण बरोबर डेटा.

विंडोज नव्या सुरुवातीपासून मोजतं. एमएफटी पहिल्या पट्ट्यात आहे म्हणून नावं, तारखा, आकार सगळं चोख दिसतं. ज्या फाइलींचे क्लस्टर ६१२ च्या आत आहेत त्या उघडतात. पलीकडच्या फाइलींसाठी ते १०० जीआयबी चुकीच्या जागी वाचतं. यादी नीट दिसली म्हणून लोक सगळं कॉपी करून घेतात, मूळ डिस्क फॉरमॅट करतात आणि मग फाइली उघडून बघतात. तो क्रम उलटा ठेवा.

सरकवताना व्हॉल्यूम माउंट केलेला नसतो. त्यामुळे दोन्ही तुकडे एकाच क्षणाचे आहेत आणि ते जोडले की व्हॉल्यूम बाइट न बाइट पूर्वीसारखा होतो. हरवलेलं असं काही नाही, फक्त सांधायचं आहे.

आधी इमेज, म्हणजे एका फाइलीत सेक्टर न सेक्टर प्रत. पूर्ण डिस्कची, पार्टिशनची नव्हे. आकार २०००३९८९३४०१६ बाइट होईल, म्हणजे दुसरी २ टीबीची डिस्क फॉरमॅट केल्यावर त्यात मावणार नाही. ४ टीबीची घ्या, वाचवलेल्या फाइलींनाही तिथेच जागा होईल. त्यावर फॅट३२ नको, तिथे एका फाइलला ४ जीआयबीची मर्यादा आहे. मी ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस घेईन.

इमेज काढणाऱ्या डीडीरेस्क्यूला क्रमाने तीन नावं द्यायची: मूळ डिस्क, इमेज फाइल, मॅप फाइल. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) पहिल्या फेरीत 'डॅश एन' द्या म्हणजे तो खराब जागा खरवडत बसत नाही, चांगलं असेल ते आधी काढून घेतो. दुसऱ्या फेरीत 'डॅश एन' काढून 'डॅश डी' आणि 'डॅश आर ३' द्या, मॅप फाइल तीच ठेवून. मॅप फाइल विसरलात तर मध्ये थांबल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मूळ आणि इमेज यांची अदलाबदल झाली तर पुढचं काही वाचायची गरज उरणार नाही, म्हणून एंटर दाबण्याआधी एलएसबीएलकेने नाव, आकार आणि मॉडेल तपासा.

वेळ: सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद मिळाले तर पावणेचार तास. यूएसबी २ वर ३५ मिळतील, मग सोळा तास धरा.

मग पुरावा. जुनी सुरुवात आठवणीवर सोडू नका, ती डिस्कवर लिहिलेली आहे. नव्या सुरुवातीच्या सेक्टरमध्ये, म्हणजे २०९७१७२४८ मध्ये, एनटीएफएसचा बूट सेक्टर आहे. त्यात २८ व्या बाइटपासून चार बाइटमध्ये 'हिडन सेक्टर्स' हा आकडा असतो, म्हणजे पार्टिशनच्या आधी किती सेक्टर आहेत. जीपार्टेड तो काम संपल्यावर बदलतो. तुमचं संपलंच नाही, त्यामुळे तिथे ०० ०८ ०० १९ दिसायला हवं. उलटं वाचायचं: १९०००८०० हेक्स, म्हणजेच ४१९४३२४४८. त्याच सेक्टरमध्ये ४० व्या बाइटपासून आठ बाइटमध्ये एकूण सेक्टर असतात, ते ३४८७५९६५४३ यायला हवेत. जुन्या पार्टिशनपेक्षा एकने कमी, कारण शेवटचा सेक्टर बॅकअप बूट सेक्टरसाठी राखलेला असतो.

सरकण्याचं अंतर: ४१९४३२४४८ वजा २०९७१७२४८ म्हणजे २०९७१५२०० सेक्टर, नेमके १०० जीआयबी.

सांधा तपासणे. दुहेरी पट्ट्यात एक वैशिष्ट्य आहे: तिथला मजकूर आणि त्याच्या बरोबर १०० जीआयबी पुढचा मजकूर हुबेहूब सारखा असतो. डिस्कवर इतरत्र असं नसतं. म्हणून सीएमपीला (बाइट न बाइट तुलना करणारी आज्ञा) तीच इमेज दोनदा द्या, 'डॅश आय' ने दोन सुरुवाती कोलन मध्ये घालून द्या आणि 'डॅश एन' ने लांबी.

५५० जीआयबीवर, १० जीआयबी लांबीसाठी:
पहिली सुरुवात ६९७९३३२३४१७६ बाइट
दुसरी सुरुवात ८०५३०७४१६५७६ बाइट
लांबी १०७३७४१८२४० बाइट

आज्ञा काही न बोलता संपली तर तुम्ही दुहेरी पट्ट्यात आहात. मग हीच परीक्षा ४५० आणि ६५० वर करा, तिथे लगेच फरक यायला हवा. ही उलट तपासणी टाळू नका, कारण कोरी जागा कोऱ्या जागेशी कुठेही जुळते. जुळलेल्या भागात शून्याव्यतिरिक्त काही आहे ना, तेही हेक्सडंपने बघा.

आता गंमत बघा. सांधा नेमका कुठे आहे हे शोधायची गरजच नाही. पट्टा दोनदा आहे, तेव्हा ५१२ ते ६१२ यांच्या मधल्या कुठल्याही ठिकाणी जोड घातली तरी व्हॉल्यूम तोच बनतो. मी कडेपासून लांब राहीन, कारण वीज गेली तेव्हा शेवटचे काही एमबी कॅशमध्येच राहिलेले असू शकतात, पडद्यावरचा आकडा काहीही म्हणो. ५६० घ्या.

जोडणी. काहीही कॉपी करायचं नाही. लोसेटअपने इमेज 'डॅश आर' देऊन फक्त-वाचन लूप डिव्हाइस म्हणून जोडा. मग दोन ओळींची टेबल फाइल करा:

० ११७४४०५१२० लिनिअर लूप० २०९७१७२४८
११७४४०५१२० २३१३१९१४२४ लिनिअर लूप० १५९३८३७५६८

प्रत्येक ओळीत क्रमाने: व्हॉल्यूममधली सुरुवात, लांबी, प्रकार, डिव्हाइसचा पूर्ण पत्ता, डिव्हाइसवरची सुरुवात. सगळं ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये. पहिली ओळ सरकलेला भाग नव्या जागेवरून घेते, दुसरी उरलेला जुन्या जागेवरून. डीएमसेटअप क्रिएटला (तुकडे जोडून एक आभासी डिस्क बनवणारी आज्ञा) 'डॅश आर' आणि ही फाइल द्या. तयार झालेलं डिव्हाइस एनटीएफएस-३जीने 'आरओ' पर्यायाने माउंट करा.

---

संथ_ड्राइव्ह

वरच्याला एक पुरवणी. ४ टीबीची डिस्क हाताशी नसेल आणि तब्येत स्वच्छ असेल, तर ब्लॉकडेव्हच्या सेट-आरओने मूळ डिस्क फक्त-वाचन करून हीच टेबल फाइल थेट तिच्यावर लावता येते. लूपच्या जागी डिस्कचं नाव. १९७ शून्य नसेल तर मात्र हा मार्ग विसरा. मरणासन्न डिस्कवर फाइलगणिक डोकं इकडेतिकडे पळवण्यापेक्षा एका सरळ रेषेत एकदाच वाचून घेतलेलं बरं.

---

नवखा_४२

इमेज झाली. आकडे: ५ → ०, १९७ → ८, १९८ → ०, १९९ → ०. डीडीरेस्क्यूने शेवटी ४०९६ बाइट वाचता आले नाहीत असं सांगितलं. मॅपमधून हिशोब केला तर ती जागा सेक्टर १६५००००००० पासून पुढचे ८.

बूट सेक्टरमध्ये ०० ०८ ०० १९ सापडलं. एकूण सेक्टरही जुळले.

सीएमपी मात्र ५५० वर पहिल्याच काही बाइटमध्ये फरक दाखवतंय. तुमचे आकडे घेण्याऐवजी स्वतः मांडून बघितले होते: २०९७१७२४८ गुणिले ५१२ अधिक ५५० अब्ज, आणि दुसऱ्यासाठी त्यात १०० अब्ज. यात काय चुकलं?

आणि डीएमसेटअप म्हणतो 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'.

---

हेक्सवाचक

जीबी आणि जीआयबी यांची गल्लत: जीबी म्हणजे १ अब्ज बाइट, जीआयबी म्हणजे १०७३७४१८२४. तुम्ही १०० अब्ज बाइट अंतर घेतलंत, खरं अंतर १०७३७४१८२४०० आहे. सुरुवात कुठे धरली याला फारसं महत्त्व नाही, पट्टा ऐसपैस आहे. पण दोन्हींमधलं अंतर एका सेक्टरनेही चुकलं तर काहीच जुळणार नाही. टर्मिनलमध्ये गणित सेक्टरमध्येच करा, १ जीआयबी म्हणजे २०९७१५२ सेक्टर, आणि शेवटी एकदाच ५१२ ने गुणा.

'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' बहुतेक वेळा दोन कारणांनी येतो: पहिली ओळ जिथे संपते तिथे दुसरी सुरू होत नाही, किंवा दुसऱ्या ओळीतली डिव्हाइसवरची सुरुवात अधिक लांबी डिव्हाइसच्या पलीकडे जाते. तुमची बेरीज ३९०७०२८९९२ च्या वर जाता कामा नये. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) नेमकी ओळ सापडेल.

आता त्या खराब सेक्टरबद्दल, कारण तो मोक्याच्या जागी आहे. १६५००००००० मधून जुनी सुरुवात ४१९४३२४४८ वजा करा: १२३०५६७५५२ सेक्टर, म्हणजे व्हॉल्यूममध्ये ५८६.८ जीआयबीवर. हे दुहेरी पट्ट्यात येतं. ५६० वर सांधा घातला तर हा तुकडा जुन्या जागेवरून वाचला जाईल आणि तिथे इमेजमध्ये शून्यं आहेत. त्याचीच दुसरी प्रत नव्या जागेवर आहे आणि ती चांगली असणार. कॉपीच्या वेळी तो सेक्टर वाचता आला होता, नाहीतर जीपार्टेड तिथेच चूक देऊन थांबला असता. म्हणून सांधा ६०० वर न्या:

० १२५८२९१२०० लिनिअर लूप० २०९७१७२४८
१२५८२९१२०० २२२९३०५३४४ लिनिअर लूप० १६७७७२३६४८

त्याआधी ५९९ ते ६०१ जीआयबी एवढ्या भागावर सीएमपी चालवून तो अजून दुहेरी आहे याची खात्री करा.

---

नवखा_४२

५५० जुळलं. ४५० आणि ६५० वर लगेच फरक. ६०० च्या आसपासही जुळलं, नुसती शून्यं नाहीत. नवीन टेबल लागली आणि माउंट झालं. आधी न उघडणारी फोल्डर उघडतायत. लगेच सगळं कॉपी करू का?

---

हेक्सवाचक

करा, पण आधी तपासण्याजोग्या फाइली निवडा: ज्यांच्या आतच चेकसम असतो अशा. झिप, सेव्हन-झिप, फ्लॅक. त्यांना त्यांचीच परीक्षा चालवता येते. मोठी झिप सांध्याच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपत असेल तर तिच्यासारखी साक्ष नाही. नुसता फोटो उघडला म्हणजे फाइल शाबूत असं समजू नका, जेपीईजीचा खालचा अर्धा भाग करडा निघतो आणि लघुचित्र मात्र झकास दिसतं.

कॉपीसाठी आरसिंक वापरा. चूक आली तरी पुढच्या फाइलीकडे जातो आणि शेवटी यादी देतो. विंडोजने त्या दहा मिनिटांत काही लिहिलं असेल तर एक-दोन फाइलींचे तुकडे बिघडलेले निघू शकतात, तेवढं गृहीत धरा. सगळं बाहेर येऊन तपासून होईपर्यंत मूळ डिस्कला हात लावू नका. आणि १९७ वर ८ असलेली डिस्क नंतर एकदा पूर्ण लिहून बघितल्याशिवाय वापरात घेऊ नका. लिहिल्यावर तो आकडा शून्यावर आला आणि ५ वाढला नाही तर प्रकरण वीज जाताना अर्धवट लिहिल्या गेलेल्या सेक्टरचं होतं. ५ वाढत गेला तर डिस्क बदला.

हा धागा शोधत पुढे कोणी येईल त्यांच्यासाठी: पार्टिशन उजवीकडे सरकवलं असेल तर कॉपी शेवटाकडून सुरुवातीकडे होते, नाहीतर स्वतःच्याच डेटावर लिहिलं जाईल. तेव्हा सांधा उलटा लागतो: पहिला भाग जुन्या जागेवरून, शेवटचा नव्या जागेवरून. आणि सरकण्याचं अंतर छोटं असेल, १ एमआयबीसारखं, तर दुहेरी पट्टाही तेवढाच अरुंद. तिथे मात्र सांधा नेमका शोधावा लागतो आणि कॅशमध्ये अडकलेला भाग खरोखर गेलेला असू शकतो.

---

झटपट

मान्य, इथे राइट केलं असतं तर घोळ झाला असता. एक विचारतो: हे सगळं न करता फोटोरेक लावला असता तर?

---

संथ_ड्राइव्ह

सापडलं असतं बरंच, पण नावं नाहीत, फोल्डर नाहीत, 'रेकअप_डिर' क्रमांकांची रांग. फोटोरेक फाइलीची सुरुवात ओळखून सलग वाचत जातो, त्यामुळे विखुरलेल्या मोठ्या फाइली, विशेषतः व्हिडिओ, तुटक निघतात. शिवाय इथे १०० जीआयबीचा पट्टा दुहेरी असल्याने तेवढ्या फाइली दोनदा. फाइलसिस्टिमची रचना सापडत असेल तोवर फोटोरेक शेवटच्या क्रमांकावर.

---

अर्धवट_ब्लॉक

याच विषयातलं, पण वेगळं. ईएक्सटी४, एकच पार्टिशन, २०४८ पासून. फाइलसिस्टिम लहान न करता चुकून आधी पार्टिशनच २०० वरून १०० जीआयबीवर कापलं. आता माउंट होत नाही. ई२एफएससीके सांगतो की सुपरब्लॉकप्रमाणे (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला ब्लॉक) ५२४२८८०० ब्लॉक, डिव्हाइसचा आकार २६२१४४०० ब्लॉक, आणि 'अबॉर्ट?' विचारतो. हार्ड डिस्क आहे, पुढच्या जागेत अजून काही केलेलं नाही.

---

हेक्सवाचक

'वाय' म्हणा, म्हणजे थांबा. 'एन' म्हणून पुढे गेलात तर तो अस्तित्वात नसलेल्या ब्लॉकांकडे बोट दाखवणाऱ्या फाइली 'दुरुस्त' करेल, म्हणजे कापेल.

तुमचं काम सोपं आहे, डेटा हललेलाच नाही. एक ब्लॉक ८ सेक्टरचा, म्हणून ५२४२८८०० ब्लॉक गुणिले ८ म्हणजे ४१९४३०४०० सेक्टर. त्यात सुरुवातीचे २०४८ मिळवून एक वजा केला की शेवट ४१९४३२४४७. आधी एसएफडिस्कच्या 'डॅश डी' ने सध्याचं टेबल मजकूर फाइलीत वेगळ्या डिस्कवर ठेवा. मग पार्टेडमध्ये रिसाइझपार्ट १ आणि शेवट ४१९४३२४४७ पुढे 'एस' लावून. 'एस' विसरलात तर तो आकडा सेक्टर समजला जाणार नाही. रिसाइझपार्ट फक्त टेबलातला शेवट बदलतो, आतल्या फाइलसिस्टिमला शिवत नाही. त्यानंतर ई२एफएससीके 'डॅश एफ डॅश एन', म्हणजे काहीही न बदलता तपासणी. स्वच्छ आलं तर 'आरओ, नोलोड' पर्यायांनी माउंट करून फाइली बघा. नोलोड नसेल तर जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) फक्त-वाचनातही चालवलं जातं.

मोकळ्या जागेत नवीन पार्टिशन करून फॉरमॅट केलेलं असतं तर आधी इमेज घ्यायला सांगितलं असतं. आणि तीच डिस्क एसएसडी असती तर एमकेई२एफएस फॉरमॅट करतानाच ती सगळी जागा डिस्कार्ड करून टाकतो. बहुतेक एसएसडींवर ती मग शून्यंच वाचली जातात.

---

अर्धवट_ब्लॉक

शेवट ४१९४३२४४७ केला. 'डॅश एन' च्या तपासणीत पाचही टप्पे स्वच्छ. सुपरब्लॉक बॅकअपवरून, ३२७६८ देऊन वगैरे, काही करायची गरज आहे का?

---

हेक्सवाचक

नाही. मूळ सुपरब्लॉकनेच तुम्हाला ५२४२८८०० सांगितलं, म्हणजे तो शाबूत आहे. बॅकअप ३२७६८ ब्लॉकवरचा तेव्हा लागतो, जेव्हा सुरुवातीचाच वाचता येत नाही. पुन्हा लहान करायचं असेल तर आधी रिसाइझ२एफएसने फाइलसिस्टिम हवी त्याहून दोन-चार जीआयबी जास्त लहान करा, 'डॅश झेड' ने अनडू फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवून. मग पार्टिशन कापा, आणि शेवटी रिसाइझ२एफएस काही आकडा न देता चालवा, तो पार्टिशनच्या काठापर्यंत फाइलसिस्टिम पसरवतो.